प्लेगचा हिशेब



आमची आजी लातूरकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणीची, निजामी अमलातली एक आठवण ती वारंवार सांगत असे. आढ्यावरून एखादा उंदीर टपकन खाली पडला, जागच्या जागी गरगर फिरला आणि मेला, की घरातली कर्ती माणसे दुसरा उंदीर पडण्याची वाट पाहत नसत. दाणागोटा, भांडीकुंडी गाडीत घालायची, गुरे सोडायची आणि रानात खोपी घालून राहायचे. चार-सहा दिवसांत सारे गाव ओस पडे. मरी ओसरली म्हणजे माणसे परत येत, घरे झाडून-सारवून घेत आणि पुन्हा संसाराला लागत.

"उंदीर पडला, की गाव सोडावं," हा आजीचा नियम होता. तिला जंतू ठाऊक नव्हता, पिसवेशी प्लेगचा काय संबंध हे ठाऊक नव्हते, आलेख तर तिने कधी पाहिलाच नव्हता. तरीही तो नियम पुष्कळ वेळा माणसांचे प्राण वाचवीत असे. मग त्यामागचे कारण शोधण्यात शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे का घालवली? नियम लागू पडत असला म्हणजे पुरे नाही का?

नाही, पुरे नाही. ते का, हे या लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी आपल्याला मुंबई, बीड जिल्ह्यातील मामला आणि हैदराबाद या तीन ठिकाणी जावे लागेल. बरोबर कागद-पेन्सिल असू द्या. थोडा हिशेब करावयाचा आहे.

जंतू, उंदीर आणि पिसू

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ चालू असताना अलेक्झांडर येर्सिन या संशोधकाने रोग्याच्या गाठीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील जंतू ओळखला. आज त्या जंतूला 'येर्सिनिया पेस्टिस' म्हणतात. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, हा रोग मुंबईत मांडवी भागात दिसला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना हा रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी झालेला साथरोग कायदा पुढे २०२० मध्ये करोनाच्या वेळीही उपयोगात आणला गेला.

पण रोग पसरतो कसा? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेगचा जंतू एका उंदरापासून दुसऱ्या उंदराकडे पिसू नेते. पुष्कळांना ते पटले नाही. मग १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाच्या संशोधकांनी एक साधा, पण फार सुंदर प्रयोग केला. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे जमिनीलगत होते, तर काही पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले होते. खोली एकच, हवा एकच. जमिनीलगतच्या प्राण्यांना प्लेग झाला, टांगलेले वाचले. म्हणजे दोष हवेचा नव्हे, उडी मारणाऱ्या पिसवेचा!

या प्रयोगातील युक्ती नीट ध्यानात ठेवा. दोन शक्यता होत्या: हवा किंवा पिसू. संशोधकांनी अशी मांडणी केली, की एक खरी असेल तर एक उत्तर यावे आणि दुसरी खरी असेल तर दुसरे. लेखाच्या शेवटपर्यंत ही युक्ती आपल्याला लागणार आहे.

पिसवेबद्दल आणखी एक गोष्ट १९१४ मध्ये कळली. हे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात वाढतात आणि त्यांचा बोळा तेथे अडकून बसतो. मग तिने शोषलेले रक्त पोटात जातच नाही. ती उपाशी राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याबरोबर बोळ्यातील जंतू मागे जखमेत ढकलले जातात. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की भुकेल्या पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीर उरलेच नाहीत, तर माणसाचे अंग मिळते. आजीच्या नियमाचे कारण हे होते.

एक घंटाकृती आलेख

आता मुंबईच्या आकड्यांकडे वळू. दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची नोंद मुंबईत ठेवली जात असे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या सुमारे ३१ आठवड्यांचे आकडे पुढे दोन स्कॉटिश संशोधकांच्या हाती आले. त्यांपैकी अँडरसन मॅकेंड्रिक हे भारतात लष्करी वैद्यकीय सेवेत होते. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते आणि १९२० मध्ये एडिंबरोला परतले. दुसरे विल्यम केर्मॅक. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांची दृष्टी गेली; त्यानंतरचे सारे गणित त्यांनी मनाने केले. या दोघांचा निबंध १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. साथींच्या गणिताचा अभ्यास आजही त्या निबंधापासून सुरू होतो.

त्यांनी मुंबईच्या आकड्यांना एक सूत्र बसवले. आठवड्याच्या क्रमांकाला ०.२ ने गुणा आणि त्यातून ३.४ वजा करा. येणाऱ्या संख्येला 'क' म्हणू. आता २.७१८ या संख्येचा 'क' घात आणि 'उणे क' घात यांची बेरीज करा, तिचा वर्ग करा, त्याने ४ ला भागा आणि आलेल्या उत्तराला ८९० ने गुणा. जे येईल ते त्या आठवड्यातील मृत्यू. (बारावीच्या मुलांनो, ही अतिपरवलयी फलाची गंमत आहे.) मी केलेला हिशेब असा:

आठवडा ० : ४
आठवडा १ : ६
आठवडा २ : ९
आठवडा ३ : १३
आठवडा ४ : १९
आठवडा ७ : ६३
आठवडा १२ : ३७४
आठवडा १७ : ८९०
आठवडा २२ : ३७४
आठवडा २७ : ६३

सुरुवातीला दर आठवड्याला आकडा सुमारे दीडपट होतो. ४, ६, ९, १३, १९ हे आकडे पाहून कुणाला भीती वाटणार नाही. पण सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास, तो ८९० वर जातो. मग जसा चढला तसाच उतरतो. देवळातल्या घंटेसारखा आलेख तयार होतो. सूत्रानुसार साऱ्या साथीतील मृत्यूंची बेरीज सुमारे ८,९०० येते. नोंदलेल्या आकड्यांचे ठिपके या वक्ररेषेच्या आसपासच पडतात.

कागदावरची साथ

हा घंटेचा आकार येतो कोठून? केर्मॅक व मॅकेंड्रिक यांची कल्पना सोपी आहे. लोकांचे तीन गट करा: ज्यांना रोग अजून झालेला नाही, पण होऊ शकतो ते, आज रोगी असलेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले, म्हणजे साथीच्या हिशेबातून सुटलेले. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या कोणत्याही रोगाला हा हिशेब लावता येतो.

समजा, १,००० वस्तीचे एक गाव आहे. एक जण आजारी पडला. सगळे गाव रोगाला बळी पडण्याजोगे असेल, तर एक रोगी आठवडाभरात दोघांना रोग देतो आणि स्वतः हिशेबातून सुटतो. पण गावातील निम्म्या लोकांना रोग होऊन गेला असेल, तर त्याच्या दोन गाठीभेटींपैकी एक वाया जाते. म्हणून नियम असा:

नवे रोगी = चालू रोगी × २ × (न लागलेले ÷ १,०००)

आठवड्यामागून आठवडा हा गुणाकार करीत जा, उत्तर जवळच्या पूर्णांकात घ्या. नवे रोगी असे येतात: २, ४, ८, १६, ३१, ५८, १०२, १५९, १९७, १६६, ८५, २९, ८, २, १, आणि मग शून्य. घंटा वाजली!

यात दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की न लागलेल्यांची संख्या ५०० च्या खाली उतरली, की साथ उताराला लागते, कारण तेव्हापासून एक रोगी सरासरी एकापेक्षा कमी जणांना रोग देतो. ५०० जणांना आधीच लस टोचली असती, तर साथ वाढलीच नसती. सर्वांना लस न मिळताही गाव वाचू शकते, ते यामुळे. दुसरी गोष्ट अशी, की साथ संपली तेव्हाही १३१ माणसे रोगापासून अलिप्तच राहिली. साथ संपायला सगळ्यांना रोग व्हावा लागत नाही. सरपण पूर्ण जळण्याआधीच आग विझते.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

मित्रांनो, आता थोडे माझ्याविषयी. मी भौतिकशास्त्र शिकवतो. वरचे फल वर्गात आले, की काही वर्षे मी फळ्यावर मुंबईचा आलेख काढीत असे आणि मोठ्या उत्साहाने सांगत असे, "पाहा, सिद्धांत आणि निरीक्षण कसे तंतोतंत जुळले! सिद्धांत खरा ठरला!" एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, न लागलेली माणसं कमी झाली म्हणून साथ संपली ना? मग पुढच्या वर्षी प्लेग परत कसा आला?"

मी गप्प झालो. "उद्या सांगतो," म्हणून तास आटोपला. त्या रात्री मी जो हिशेब केला, तो तुम्हीही करा. मुंबईची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. सूत्रानुसार मृत्यू सुमारे ८,९००. नोंदलेल्या रोग्यांपैकी शंभरात ऐंशी ते नव्वद दगावत असत, म्हणजे एकूण रोगी दहा-अकरा हजार. दहा लाखांत अकरा हजार! दर शंभर माणसांत एखाद्यालाच रोग झाला. नव्याण्णव जण जसेच्या तसे होते. मग न लागलेली माणसे 'कमी झाली' कोठे? आणि मुंबईत त्या काळात प्लेग वर्षानुवर्षे पुन्हा येत होता. मार्च-एप्रिलच्या सुमारास चढायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरायचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. खरे म्हणजे ती चूक केर्मॅक व मॅकेंड्रिक यांची नव्हतीच. मी मूळ निबंध काढून वाचला, तेव्हा दिसले, की त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे: माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची केवळ छाया आहे, आपण धरलेली गृहीते काटेकोरपणे खरी नाहीत, आणि म्हणून हे सूत्र अगदी ढोबळ समजावे. सावधगिरीच्या या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. आलेख तेवढा उचलला होता.

मग घंटेचा आकार आला कशामुळे? हिशेब माणसांचा नव्हे, उंदरांचा करावा लागतो. रोगाने उंदीर मोठ्या संख्येने मरतात, काही बरे होऊन प्रतिकारक्षम होतात, आणि पुढे नवी पिल्ले जन्मून रोगाला पुन्हा सरपण मिळते. परळच्या संशोधकांना आढळले होते, की उंदरांतील साथ आधी चढते आणि माणसांतील साथ सुमारे दोन आठवडे मागून येते. त्यात ऋतूची भर पडते. कडक उन्हाळा पिसवेला मानवत नाही आणि उष्ण हवेत तिच्या अन्नमार्गातील तो बोळाही नीट धरत नाही. २०१२ मध्ये फ्रेंच गणिती निकोला बकाएर यांनी उंदीर, पिसू, माणूस आणि ऋतुमान या सर्वांना धरून मुंबईचे आकडे पुन्हा तपासले आणि दरवर्षी त्याच महिन्यांत येणाऱ्या साथीचा उलगडा ऋतू जमेस धरल्याशिवाय होत नाही, हे दाखवून दिले.

यातील धडा साऱ्या विज्ञानाला लागू आहे. दिवसभराच्या तापमानाचा आलेख काढा. तोही चढतो, दुपारी माथ्यावर जातो आणि उतरतो. त्याला घंटेचे सूत्र बसवता येईल. म्हणून काय दुपारनंतर सूर्यातील इंधन संपत आले असे कुणी म्हणेल? एकाच आकाराचा आलेख दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. आलेख जुळला, याचा अर्थ एवढाच, की आपले कारण अजून बाद झालेले नाही. ते खरे ठरवायचे, तर 'दुसरे कारण असते तर आलेख जुळला नसता' हे दाखवावे लागते. टांगलेल्या पिंजऱ्यांनी तेच दाखवले होते.

मामला, १९९४

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागल्याचे आणि पिसवा वाढल्याचे लोकांच्या ध्यानात आले. सप्टेंबरच्या मध्यास गाठीच्या तापाचे संशयित रोगी दिसू लागले. भारतात १९६६ नंतर माणसांत प्लेग आढळल्याची नोंद नव्हती. त्यापाठोपाठ त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. देशभरात पन्नासाहून अधिक मृत्यू या साथीकडे मांडले गेले.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातील एका शाळेत शिकत होतो. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन. त्याच दिवशी नांदेडला नवे विद्यापीठ स्थापन झाले, म्हणून मोठी माणसे आनंदात होती. आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी प्लेग. वर्गात कुणी शिंकले, की शेजारचा मुलगा बाकावर सरकून बसे. औषधाच्या दुकानांत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनाशा झाल्या. आजी तेवढी शांत होती. तिने माळ्यावर चढून पाहायला सांगितले, "उंदीर पडलाय का?"

मामल्याला उंदीर का वाढले, याचे एक स्पष्टीकरण तेव्हा मांडले गेले. भूकंपाने तडे गेलेली घरे माणसांनी सोडली, धान्य आतच राहिले, उंदरांचे फावले. पटण्याजोगे आहे, नाही? पण थांबा. मुंबईचा आलेखही पटण्याजोगाच होता. पटण्याजोगे म्हणजे सिद्ध नव्हे. भूकंपाचा धक्का बसलेल्या आणि न बसलेल्या गावांतील उंदरांची संख्या आधी व नंतर मोजलेली असती, तर निकाल देता आला असता.

त्याहून मोठा वाद दुसराच होता: हा प्लेगच होता काय? रोग्यांना लगेच प्रतिजैविके दिली गेल्याने त्यांच्या थुंकीत वा रक्तात जंतू सापडणे अवघड झाले होते. मेलिऑयडोसिस नावाचा दुसरा जंतुरोग असेल, एखादा विषाणू असेल, असेही तज्ज्ञ म्हणत होते. ताप, खोकला, झपाट्याने येणारा मृत्यू ही लक्षणे प्लेगशी जुळत होती. पण इतर रोगांशीही जुळत होती. पुन्हा तीच अडचण!

अक्षरांची साक्ष

निवाडा व्हायला काही वर्षे लागली. नांदेडहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येते त्या हैदराबादेत, पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात, एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या साथीत मिळालेल्या जंतूंची जनुकद्रव्ये तपासली. त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष होता: जंतू येर्सिनिया पेस्टिसच.

हे त्यांनी ओळखले कसे? प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनएची लांब साखळी असते. ती चार रसायनांच्या अक्षरांनी लिहिलेली असते: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. जंतूंच्या डीएनएत सुमारे १,५०० अक्षरांचा एक उतारा असतो. तो सर्व जंतूंत आढळतो, पण जातीजातींत थोडाथोडा बदलतो. तो वाचला, की जंतूचे कूळ कळते.

येथे संभाव्यतेचा हिशेब येतो. चारच अक्षरे असल्यामुळे एक अक्षर योगायोगाने जुळण्याची संभाव्यता चारात एक. लागोपाठ दहा अक्षरे जुळण्याची? ४ चा दहावा घात १०,४८,५७६. म्हणजे दहा लाखांत एक! मग शेकडो अक्षरे जुळली, तर शंका उरतेच कोठे?

उरते. कारण प्लेगच्या जंतूला एक सख्खा भाऊबंद आहे, 'येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस'. काही हजार वर्षांपूर्वी प्लेगचा जंतू त्याच्यापासूनच निघाला. भावाभावांची अक्षरे योगायोगाने नव्हे, वारशाने जुळतात, आणि या एका उताऱ्यात तर दोघांत फरक जवळजवळ नाहीच. म्हणून हैदराबादच्या संशोधकांनी दुसरीही परीक्षा केली. साऱ्या जनुकद्रव्यातून ठिकठिकाणचे तुकडे उमटवून त्यांच्या रेषांचा ठसा काढला आणि तो माहीत असलेल्या प्लेग-जंतूच्या ठशाशी ताडून पाहिला. माणसांच्या बोटांचे ठसे तपासतात तसेच हे. उतारा म्हणाला, 'या घराण्यातला आहे'. ठसा म्हणाला, 'हाच आहे'. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले.

पोथ्या आणि जंतू

२००१ मध्ये प्लेगच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. मुख्य साखळीत सुमारे ४६ लाख ५० हजार अक्षरे. दर पानावर २,५०० अक्षरे छापली, तर १,८६० पानांचा ग्रंथ होईल! शिवाय तीन लहान कड्या. त्यांतील एका कडीवर असे जनुक आहे, की त्याच्यामुळे हा जंतू पिसवेच्या पोटात तग धरतो.

एवढ्या अक्षरांतून इतिहास कसा वाचायचा? पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नकला करणाऱ्यांच्या हातून चुका होत गेल्या होत्या, म्हणून त्यांना पाठ शोधावा लागला. आता विचार करा: दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक असेल, तर त्या बहुधा एकाच जुन्या नकलेवरून उतरलेल्या असणार. जंतूही विभागताना आपल्या पोथीची नक्कल करतो आणि क्वचित एखादे अक्षर चुकतो. तीन काल्पनिक जंतू घेऊ:

पहिला : अ ग स थ अ ग थ स
दुसरा : अ ग स थ अ अ थ स
तिसरा : अ थ स थ अ अ थ स

पहिल्या व दुसऱ्यात एका अक्षराचा फरक, दुसऱ्या व तिसऱ्यात एकाचा, पहिल्या व तिसऱ्यात दोघांचा. म्हणजे दुसरा मध्ये बसतो. (मूळ कोणता आणि नक्कल कोणती, हे मात्र एवढ्यावरून कळत नाही, त्यासाठी बाहेरचा एखादा नातलग जंतू ताडून पाहावा लागतो.) अशा रीतीने जगभरच्या जंतूंची वंशावळ मांडली, तेव्हा २०१० मध्ये मार्क आख्टमन व सहकाऱ्यांना प्लेगचे मूळ चीनमध्ये किंवा त्याच्या आसपास असल्याचे दिसले. हाँगकाँगहून मुंबईला आलेली १८९६ ची साथ ही त्याच वृक्षाची एक फांदी. २०११ मध्ये तर लंडनच्या एका जुन्या दफनभूमीतील सांगाड्यांतून १३४८-५० च्या 'काळ्या मृत्यू'चा जंतू वाचला गेला, आणि 'तो प्लेगच होता काय?' हा जुना वादही मिटला.

आजीचा नियम कोठे चुकतो?

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. नियम लागू पडत असता कारण शोधायचे कशाला?

गाठीचा प्लेग पिसवेमार्फत येतो. तेव्हा उंदीर पडलेले घर सोडून रानात जाणे हे अगदी बरोबर. पण हाच जंतू फुप्फुसात उतरला, तर रोग्याच्या खोकल्याच्या तुषारांतून थेट दुसऱ्या माणसाला लागतो. तेथे उंदीर पडत नाही, पिसू लागत नाही. अशा वेळी दाटीने भरलेल्या गाडीत बसून गाव सोडणे म्हणजे रोग गावोगाव नेण्यासारखेच. १९९४ मध्ये सुरत सोडणाऱ्यांना दोष देता येणार नाही. भ्यालेला माणूस पिढ्यान्‌पिढ्यांचा नियमच पाळतो. पण जो नियम रानातल्या खोपीत प्राण वाचवतो, तोच आगगाडीच्या डब्यात घात करू शकतो. कोणता नियम कोठे लावायचा, हे फक्त कारण सांगते. आज प्लेगवर प्रतिजैविके गुणकारी आहेत. अशा वेळी पळण्यापेक्षा रुग्णालय गाठणे हाच शहाणपणा.

आजी गेली तेव्हा मी महाविद्यालयात होतो. तिला हे सांगायचे राहून गेले. म्हणून तुम्हाला सांगितले.

करून पाहा

१. वरच्या १,००० वस्तीच्या गावाचा हिशेब, एक रोगी तिघांना रोग देतो असे धरून पुन्हा करा. साथ माथ्यावर केव्हा जाते? किती माणसे अलिप्त राहतात? किती जणांना लस टोचली असती, तर साथ वाढली नसती?

२. वर्गातील ५० मुलांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका. एक मूल 'रोगी' धरा. त्याने फासा टाकावा. १ किंवा २ पडल्यास चिठ्ठी नाही, ३ किंवा ४ पडल्यास दोन चिठ्ठ्या, ५ किंवा ६ पडल्यास चार चिठ्ठ्या काढाव्यात. ज्यांची चिठ्ठी निघेल आणि ज्यांना रोग झालेला नसेल, ते पुढच्या फेरीचे रोगी. चिठ्ठ्या परत डब्यात टाका आणि पुढची फेरी करा. हा खेळ दहा वेळा खेळा. सरासरी 'दोन' असूनही दहांपैकी सुमारे चार वेळा साथ उभीच राहत नसल्याचे दिसेल. असे का होते, यावर विचार करा.

३. तुमच्या पाठ्यपुस्तकातील एखादा आलेख निवडा. तो ज्या कारणाने आला असे पुस्तक सांगते, त्याखेरीज दुसऱ्या कोणत्या कारणाने तसाच आलेख येऊ शकेल? दोहोंपैकी खरे कोणते, हे ठरवणारा एखादा 'टांगलेला पिंजरा' तुम्हाला सुचतो काय? सुचला, तर आपल्या शिक्षकांना उभे राहून विचारा. ते "उद्या सांगतो" म्हणाले, तर उद्यापर्यंत थांबा.